मुराळ्याची मोटार

खामगाव,
१४ फेब्रुवारी १९६३

चि. रामराव,

चिरंजीव हा शब्द हाताच्या सवयीनं कागदावर पडला. त्याचा जास्तीचा अर्थ लावत बसू नको.

काल आपल्या गावचा कडूबा मिरच्या घेऊन इथल्या बाजारात आला होता. जातानी माह्या दाराशी पानी प्याले थांबला अन् मोठ्या कौतुकानं सांगून गेला, का जालन्याचा भंगारवाला साखरखेर्ड्यात येऊन गेला. त्यानं बाबाच्या मोटारीभोवती चार चकरा मारल्या, पत्र्यावर टकटक करून पाह्यलं, अन् तू त्याले चहा पाजला. चहा! काऊन बे रामा, बापाले जाऊन तीन वर्षं नाही झाले तं त्याची मोटार मोडीत घालाले निघाला? मोठ्या बहिनीले एक कार्ड लिहिनं होत नव्हतं?

तुले ते भंगार दिसत असेल. काय हाय ते मले इचार. अठ्ठेचाळीस साली बाबानं मुंबईहून आनलेली अमेरिकन शेवरलेट. पिकलेल्या डाळिंबाचा रंग, तोंडाशी चकचकीत जाळी, पांढऱ्या काठाचे टायर, अन् आतली गादी अशी का तिच्यावर बसल्यावर घरची गादी टोचे. रेडिओ होता तिच्यात! अख्ख्या गावात कोनाच्या घरी नव्हता तवा आपल्या मोटारीत होता. सांजच्याले मानसं तिच्याभोवती बसून बातम्या ऐकत अन् बाबा आत बसून कान पिळत, रेडिओचे बी अन् मधात बोलनाऱ्याचे बी. तवा इथं खामगावात कापसाच्या दिवसात बुइक, डॉज, प्लायमाउथ जिनिंगपुढं ओळीनं उभ्या राहात. आता ज्याच्या त्याच्या दाराशी तेच एक ते अँबॅसिडर, नाहीतं फियाटचं डबडं. त्या मोटारी गेल्या अन् त्याइच्यासंगं मानसाची ऐट बी गेली.

पन मले ती मोटार म्हंजे माहा मुराळी होता. बाकीच्या बायाइले माहेरी न्याले मुराळी येई तो बैलबंडी घेऊन, नाहीतं बसनं, हातात पिशी. माहा बाप दर दिवाळीले स्वतः शेवरलेट चालवत येई. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला का सारी आळी दारात. मोटार आली त्या पहिल्याच साली माह्या सासूनं बाबाच्या तोंडावर सांगितलं होतं, "मोटार येईल तं सून पाठवू, बंडीत बसवून नाही पाठवत." अन् बाबानं ते शेवटपर्यंत पाळलं. बाबा गेल्यावर तीन दिवाळ्या गेल्या. कोन आलं मले न्याले? तू तं बंडी घेऊनही नाही आला.

चौपन्नची दिवाळी तुले आठवते का? माय दारात भाकरतुकडा ओवाळाले अन् माह्या पायावर पानी घालाले उभी होती. म्या म्हनलं, मी तं बसून आली, चालून आली ती मोटार, तिच्यावर नको का पानी? अन् तिचं टोपन उघडाले लावून अख्खी घागर तिच्या डोस्क्यावर रिकामी केली. कशी फुस्सकन वाफ निघाली अन् टन्नकन आवाज झाला! बाबा डोळ्यातून पानी येस्तोवर हसले होते. आजही भांडी घासतानी आठवलं का मले एकटीले हसू येते. मंग पुढं तुनं मोटार बळकावली अन् मले बसमध्ये कोंबाले लागला, ते राहू दे.

कामाचं लिहून राह्यली ते नीट वाच. माह्या गीताचं लगन ठरलं. नांदुऱ्याचं घर हाय, मानसं चांगली हायेत. तारीख तीन मे. नवरदेवाची वरात मामाच्या शेवरलेटीतून निघन असा शब्द म्या पाहुन्याले देऊन ठेवला हाय. तवा मोटार धुऊन-पुसून दोन मेले माह्या दाराशी पाह्यजे. भंगारवाल्याले चहा पाजला तेवढा पुरे.

तुही अक्का,
कोकिळा

* * *

साखरखेर्डा,
२३ फेब्रुवारी १९६३

ती. अक्का,

पायावर डोकं ठेवाची रीत हाय म्हनून ठेवलं. पत्र वाचून ठेवाची इच्छा उरली नव्हती.

गीताचं जमलं, आनंद झाला. तारीख भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली. मामाकडून जे लागते ते सारं येईल. पिवळी साडी येईल, रुखवताचं येईल, तुही भावजय वच्छला आतापासून शेवया कराले बसली. मी दोन दिवस आधी येऊन मांडव घालाले उभा राहीन. मानाचं जे काय असते ते मी चुकवनार नाही.

मोटार येनार नाही.

काऊन ते इचारू नको. नाही म्हंजे नाही. तू शब्द देला असशीन, मले इचारून देला का? गाव माहं, गोठा माहा, मोटार माह्या गोठ्यात, अन् शब्द देते तू खामगावात बसून!

अन् भंगारवाल्याले चहा पाजला तं काय बिघडलं? तो मानूस नाही का? त्या मोटारीपायी आठ पावसाळे माहे बैल गोठ्याबाहेर भिजले अन् ती आत कोरडी उभी. मागच्या श्रावनात एका बैलाचे खूर सडले. या पावसाळ्याच्या आत मी गोठा रिकामा करून राह्यलो. बैल आत अन् ते धूड बाहेर, हे मी ठरवलं ते ठरवलं.

तुले जाळी आठवते, टायरचा काठ आठवते, रेडिओ आठवते. आपली बैलाची जोडी आठवते का, नंद्या अन् हौश्या? नाही आठवनार. तू मागच्या गादीवर बसनारी. तिथून बैल दिसत नाहीत.

अन् "बळकावली" हा शब्द पुन्हा लिहू नको. एक डाव वाचला अन् गिळला. दुसऱ्या डावा गिळनं होनार नाही माह्यानं.

राम

* * *

खामगाव,
३ मार्च १९६३

रामराव,

बळकावली, बळकावली, बळकावली. घे, तीन डाव लिहिलं. गिळ.

मोठा आला बैलाची कीव करनारा! तुहं सोंग मले माहीत नाही का? पंचावनच्या दिवाळीपासून काय चाललं होतं ते माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या. बाबा हॉर्न वाजवत दाराशी येत, माही पेटी मागं टाकत, साऱ्या आळीदेखत मले बसवून नेत. अन् गावाबाहेर नाक्यापाशी पोचलं का त्या लिंबाच्या झाडाखाली तू उभा! बाबा म्हनत, "इंजिन तापलं, राम आनते मागून, आपन बसनं जाऊ." मी अन् माहा म्हातारा बाप बसच्या दांड्याले लटकत साखरखेर्डं गाठत होतो. अन् तू? तू चार-चार दिवसांनी घरी उगवे, अंगभर धूळ, डोळे लाल, कोनाशी बोलनं नाही. कुठं उंडारत होता? कोन्या दोस्ताइले घेऊन फिरत होता बापाच्या मोटारीत? भाऊबीजेले मी ताटात दिवा लावून बसे अन् भाऊ गायब. पाच दिवाळ्या! माय काही बोले ना, बाबा काही बोलेत ना. लाडाचा लेक. मी म्हनलं आपन परघरची, कायले तोंड उघडा. म्हनून गप्प बसली.

मन भरलं तुहं त्या मोटारीनं, आता मोडीत घालून राह्यला. माह्या पोरीच्या वरातीले एक दिवस देनं होत नाही. तुह्या पोटात काय दुखते ते मले कळत नाही असं समजू नको. बाबा मले न्याले यायचे, तुले कधी कोनी हॉर्न वाजवून न्याले आलं नाही, हेच दुखते.

आता शेवटचं ऐक. दोन मेले मोटार माह्या दाराशी आली नाही तं तूही येऊ नको. गीतामागं मामा म्हनून मी कडूबाले उभा करीन. मिरच्या इकनारा असला तं असो, माह्या दाराशी येते तरी, खबरबात तं सांगते. पत्रिकेवर तुहं नाव येनार नाही. छापखान्यात तसं सांगून आली मी. साडी अन् शेवया वच्छलाले म्हन तुम्हीच खा.

कोकिळा

* * *

साखरखेर्डा,
११ मार्च १९६३

अक्का,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. तुहं पत्र चार दिवसाआधीच आलं. वच्छला म्हने होळी जाऊ द्या, सनाच्या दिवशी वंगाळ लिहू नका. काल होळी झाली. आज लिहून राह्यलो, अन् वंगाळच लिहिनार हाय.

बाबानं माहा हात हातात घेऊन वचन घेतलं होतं, कोकिळाले कळू देऊ नको. आठ वर्षं म्या दात आवळून ते पाळलं. पन तू माह्या जागेवर कडूबाले उभा करून राह्यली, तं ऐक आता.

तुही ती घागर. जी आठवली का तुले हसू येते. ती मोटार पन्नास मैल चालून, घाट चढून आलेली होती. आतलं लोखंड तव्यासारखं लाल झालेलं. त्याच्यावर तुनं विहिरीचं गार पानी ओतलं. तो जो टन्न आवाज झाला न, तो इंजिनाचं डोस्कं फुटल्याचा होता. कोनालेच माहीत नव्हतं, ना तुले, ना मले, ना बाबाले. बैल दमून आला का आपन त्याले पानी दाखवतो, अंगावर मारतो, तो गार होते. आपल्याले वाटलं मोटार बी तसंच जनावर. बाबा हसले, मी बी हसलो. तुले सासरी बसनं पोचवलं, बाबा म्हनले पेट्रोल भेटत नाही. खरं असं का त्याच्या आदल्या दिवशी मोटार बाहेर काढली तं मैल-दोन मैलात भट्टीसारखी उकळली होती. अकोल्याचा मिस्त्री आनला. तो म्हने हेड चिरलं, नवं अमेरिकेतूनच येईल, अन् तिकडून माल येनं आता बंद हाय. जोड मारून पाह्यला, पुन्हा चिरलं. दोन मैलाचा जीव राह्यला तिच्यात. त्याच्यावर एक पाऊल नाही.

मंग पंचावनची दिवाळी आली. तुह्या सासूचा शब्द होताच, मोटार येईल तं सून पाठवू. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मायनं समजावलं का बंडी पाठवा, काय होईल ते होईल. बाबा म्हनले, "माही पोर दारात उभी राहून हॉर्नची वाट पाहीन." तिसऱ्या दिवशी मले म्हनले, "राम्या, बैल जुप."

हाव. मोटारीले बैल. पुढच्या बंपरले दोर बांधून जू लावलं. साखरखेर्ड्याहून चिखली, चिखलीहून अमडापूर, मंग घाट उतरून खामगाव. जातानी तीन दिवस. घाट उतरतानी बाबा आत ब्रेकवर पाय रोवून बसत अन् मी मागून दोर धरून घसरत येई, हाताची सालटं निघत. रस्त्यातली पोट्टी टाळ्या वाजवत संगं पळत. "शेठची मोटार गवत खाते का हो?" असं मोठी मानसं इचारत. बाबा खाली मान घालून बसत. नाक्याबाहेर लिंबाखाली आलं का बैल सोडाचे. मी मोटार पुसून काढे, पानी भरे. बाबा धोतर बदलत, फेटा बांधत. अन् मंग ते दोन मैल. एक मैल तुह्या दारापर्यंत, एक मैल परत लिंबापर्यंत. हॉर्न वाजवत. तुले जी ऐट आठवते ती एवढीच होती, अक्का, दोन मैल.

मंग तुम्ही बसनं घरी. अन् मी बैल जुपून चार दिवस घाट चढत मागून. धूळ अंगावर तिचीच होती. डोळे लाल होते ते जागरनानं, रस्त्यात बैल अन् मोटार सोडून झोपनार कुठं? पाच दिवाळ्या म्या अमडापूरच्या रस्त्यावर काढल्या. तुम्ही घरी अनारसे खाऊन राह्यले होते अन् मी झाडाखाली भाकर अन् कांदा. भाऊबीजेचा दिवा तुनं लावला म्हनते, तो मले लांबून दिसे असं समज. अन् बैल तुह्यासमोर उभे राहात, दहा हातावर, कापसाच्या बंड्यांच्या बैलात. तुनं कधी तिकडं पाह्यलंच नाही.

त्या पाच वर्षात एकच मानूस भला भेटला, अन् तो बी कधी दिसला नाही. दरसाल त्या लिंबाखाली कडब्याच्या चार पेंढ्या टाकलेल्या राहात. जिनिंगचा चौकीदार असेल कोनी. त्याच्या हातचं खाऊन बैलं घाट चढत.

एकोनसाठच्या दिवाळीले परततानी घाटात हौश्या बसला. म्या उठवला, चुचकारला, शेपूट पिळली, शिव्या देल्या. उठला नाही. नंद्या त्याच्याजवळ उभा राहून त्याले चाटत राह्यला. बसनं जाऊन तुले घरी सोडून बाबा मले पाहाले उलटे आले होते घाटात. त्याइनं हौश्याच्या मानेवरचा घट्टा पाह्यला अन् लेकरासारखे रडले. पुढच्या पावसाळ्यात गेले. तू सांगत फिरते का छातीच्या दुखन्यानं गेले. मले माहीत हाय कायनं गेले.

त्याच दिवशी म्या ठरवलं, एक डाव घरी पोचलं का हे धूड पुन्हा बैलाच्या मानेवर देनार नाही.

आता छाप कडूबाचं नाव.

राम

* * *

साखरखेर्डा,
२ एप्रिल १९६३

अक्का,

तीन आठवडे झाले, तुहं उत्तर नाही. उत्तर मागून बी नाही राह्यलो.

काल भंगारवाला आला अन् इंजिन काढून घेऊन गेला. बाकीचं टरफल पावसाळ्याआधी नेतो म्हनला. तू म्हनली होती एक कार्ड लिहिनं होत नव्हतं का, म्हनून हे कार्ड.

मागच्या पत्रात जास्तीचं लिहिल्या गेलं असेल. खोटं एकही नव्हतं.

राम

* * *

खामगाव,
१२ एप्रिल १९६३

रामा,

दोन दिवस माह्या घरी चूल माह्या हातानं पेटली नाही. गीतानं भाकरी टाकल्या. तुहं समाधान झालं असेल.

खोटं एकही नव्हतं म्हनते. खऱ्याचा एवढा पुळका आला होता तं त्याच वेळेस सांगाचं होतं, चौपन्न साली, मिस्त्रीनं हेड पाह्यलं तवाच! मी चार शिव्या खाल्ल्या असत्या, रडली असती, अन् पुढच्या दिवाळीले सासूच्या नाकावर टिच्चून बसनं आली असती. नाही पाठवलं तं भांडून आली असती. तुम्हाले माहीत नव्हतं का माहं तोंड? तुम्ही दोघं बाप-लेक बैल मारत बसले अन् मले गादीवर बसवलं. अन् आता राग आला तं सारं भडाभडा ओकून मोकळा झाला. तुहं ओझं उतरलं. माह्याजवळ काय राह्यलं? बापाची एक हसाची आठवन होती, तीही तुनं नेली, भंगारवाल्यानं इंजिन नेलं तशी. हे मी तुले माफ नाही करनार. आधीच सांगून राह्यली, म्हंजे पुढचं वाचून तू गैरसमज करून घेनार नाही.

तुहं पत्र वाचतानी मी मोठ्यानं रडली. सासू ओसरीवर वाती वळत बसली होती. सत्यभामाबाई कशी हाय तुले माहीत हाय. भाजीत मीठ कमी पडलं तं माह्या साऱ्या माहेराचा उद्धार करते. वीस वर्षं तिचं तोंड ऐकून राह्यली मी. तिनं इचारलं कोन मेलं. म्या तिडीक येऊन अख्खं पत्र तिले वाचून दाखवलं. म्हनलं, घ्या, हसा पोटभर, तुमच्या सुनेच्या माहेरची मोटार बैलाची होती.

ती वातीवरून नजर न काढता म्हने, "मले काय नवं सांगते? मले पंचावनपासून माहीत हाय."

रामा, म्या तिच्यापुढचा कापूस बाजूला सारला.

तुहे भाऊजी नाक्यापाशीच्या जिनिंगमधी कारकून, त्याइच्या खिडकीतून ते लिंबाचं झाड दिसते. पहिल्याच साली त्याइनं बाबाले जू सोडतानी पाह्यलं अन् घरी येऊन आपल्या मायले सांगितलं. सासूनं त्याइले दम देला, "हे सुनेच्या कानावर गेलं तं याद राखजो अर्जुना, या घरात जेवाचं नाही." अन् गड्याच्या डोक्यावर कडब्याच्या चार पेंढ्या देऊन पाठवल्या. दरसाल तिनंच पाठवल्या. तुहा चौकीदार म्हंजे माही सासू.

म्या इचारलं, एवढं टोचून बोलता मले, हे काऊन नाही बोलल्या कधी? तिनं कापूस पुन्हा आपल्यापुढं वढला. मंग म्हने, "म्या तोंडातून एक शब्द काढला अन् त्या मानसानं त्याच्यापायी बैल जुपले. व्याही, बंडी घेऊन या, पाठवतो मी सून, एवढंच म्हनाचं होतं मले. दरसाल म्हनू म्हनू करत होती. तो फेटा बांधून असा ऐटीत उतरे का माह्या जिभेवर येईच ना." एवढं बोलून पुन्हा वाती वळाले लागली. रात्रीच्या जेवनात मीठ नव्हतं, तरी काही बोलली नाही.

आता कामाचं. नांदुऱ्याच्या पाहुन्याले म्या बोलावून खरं सांगून टाकलं, का मोटारीत इंजिन नाही, बैल वढतीन. नवरदेवाचा बाप हसाले लागला. सासूनं त्याच्याकडं असं पाह्यलं का त्यानं चहाची बशी खाली ठेवली अन् म्हने, "चालन की, काय हरकत हाय?"

तं ऐक. भंगारवाल्याले सांग, टरफल खामगावच्या कोकिळाचं हाय, त्याले हात लावला तं मी स्वतः जालन्याले येईन. बैल जुप. अन् या खेपी लिंबाखाली सोडाचे नाहीत. भर बाजारातून, जू खांद्यावर, थेट माह्या दाराशी आन. ज्याले हसाचं तो हसो. बाबानं जे झाकून नेलं ते मले उघड्यावर पाहाचं हाय. हॉर्न वाजत असेल तं वाजवजो, नाही वाजला तं तोंडानं ओरडजो.

हौश्याचं मले ठाऊक नव्हतं रे. तो माह्या घागरीनं मेला असं तू लिहिलं नाही, पन म्या वाचलं.

पत्रिका छापून आल्या, एक संगं टाकली हाय. मामा म्हनून तुहंच नाव हाय. छापखान्यात मी गेलीच नव्हती, तवा रागात लिहिलं होतं. राग अजून हाय.

अक्का

* * *

मुक्काम चिखली,
२९ एप्रिल १९६३

अक्का,

हे कार्ड खामगावच्या बसवाल्याजवळ देऊन राह्यलो, म्हंजे माह्या आधी पोचन.

तू माफ करनार नाही म्हनली. म्या माफी मागतली बी नाही. तं दोघं बी सुखात राहू.

बैल नव्या जोडीचे हायेत. बैलाच्या मानेवर हे धूड पुन्हा देनार नाही म्हनलो होतो, तो शब्द मोडला. तुह्यासाठी नाही मोडला, गीतासाठी मोडला, हे ध्यानात ठेवजो. इंजिन गेल्यानं मोटार हलकी झाली, जोडीले काही वाटून नाही राह्यलं. टायर फाटले होते, त्याच्यात कडबा कोंबला. पांढरा काठ आता कुठं राह्यला, वच्छलानं चुना लावून देला. नंद्या म्हातारा झाला, जू सहन नाही होत त्याले, पन गोठ्यात राहाले तयार होईना. मोटारीमागं नुसता बांधून आनला हाय. रस्ता त्यालेच जास्त पाठ हाय. घाटातल्या त्या जागेपाशी थांबन, मले माहीत हाय. थांबू देईन.

भंगारवाला तुह्या नावानं बोटं मोडत गेला. हॉर्न वाजत नाही, तवा तोंडानं ओरडीन. बाबाचा फेटा संगं घेतला हाय.

तुह्या सासूबाईले माहा नमस्कार सांग अन् म्हन, मुराळी येऊन राह्यला. लगन झालं, गीता सासरी गेली, का तू पेटी भर. बस-बिस काही नाही. नाक्यावर उतरवनार नाही तुले. मागच्या गादीवर बसून थेट साखरखेर्ड्यापर्यंत चाल, घाट चढतानी मात्र खाली उतरून खांदा लावा लागन. चार दिवस लागतीन. चार दिवस तुहं तोंड ऐकाची तयारी करूनच निघालो हाय.

दाराशी घागरभर पानी ठेवजो. बैलाले पाजाले. मोटारीजवळ जाऊ नको.

राम